अ‍ॅम्पमधली गुणगुण खर्जाशी भांडते: दोष कुठल्या जोडणीत आहे?

वसरीतला तंबोरा (फोंडा):

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सवडीने वाचा.

आमचं घर जुनं, चिऱ्यांचं, मधे राजांगण. वसरीच्या एका टोकाला माझी गाणी ऐकायची मांडणी आहे. एक इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, दोन बुकशेल्फ स्पीकर, टर्नटेबल आणि त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प, शिवाय लॅपटॉपला लावलेला यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचा साधा सिग्नल करून देणारा डबा. वर्षभर एवढंच होतं. रेकॉर्ड संपली की स्पीकर गप्प, बाहेरच्या पागोळ्या तेवढ्या ऐकू यायच्या. महिन्यापूर्वी टीव्हीचा आवाजही यातूनच यावा म्हणून केबलच्या सेटटॉप बॉक्समधून आरसीए वायर ओढली, आणि तेव्हापासून स्पीकरमधून सतत एक 'ऊंऽऽ' येतो.

आई वसरीच्या दुसऱ्या टोकाला सकाळी तंबोरा घेऊन बसते. तिचा सा पांढरी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी. परवा माझा अ‍ॅम्प चुकून चालू राहिला होता. काही वाजत नव्हतं, पण ती खर्जाची तार जुळवता जुळवता थांबली आणि म्हणाली, 'तुझी ती पेटी माझ्या खर्जाशी भांडतेय.' मी जवळ जाऊन कान दिला. तार छेडली की सूर सरळ चालत नव्हता, सेकंदाला साधारण दोनदा फुगत होता, बसत होता. अ‍ॅम्प बंद केला. तार पुन्हा छेडली, सूर स्थिर.

महागडी आरसीए केबल आणून पाहिली, काडीचा फरक नाही. इथल्या एका दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, अ‍ॅम्पमधले मोठे कपॅसिटर गेलेत, बदलावे लागतील. पेटी उघडायला देण्याआधी तुमचा सल्ला घ्यावा म्हटलं.

निवृत्त रेडिओवाला (पणजी):

आधी तुमच्या आईंच्या कानाला नमस्कार. त्यांनी जे सांगितलं ते यंत्राने मोजल्याइतकं अचूक आहे. पांढरी पाचचा मधला सा १९६ हर्ट्‌झ, म्हणजे खर्ज ९८. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, तिची दुप्पट १००. ९८ आणि १०० शेजारी शेजारी वाजले की सेकंदाला दोन आंदोलनं पडणारच. सा काळी चार असता तर खर्ज १०४ च्या आसपास गेला असता, डोलणं दुप्पट जलद झालं असतं.

आता कपॅसिटरचं. फिल्टर कपॅसिटर थकले की १०० हर्ट्‌झची घरघर येते हे खरं. पण जोडण्यांतून घुसणाऱ्या गुणगुणीतही ५० बरोबर १०० आणि १५० असतातच. त्यामुळे नुसत्या सुरावरून निदान होत नाही. अ‍ॅम्प उघडण्याआधी एवढं करा:

अ‍ॅम्पला मागून लावलेलं सगळं काढा, फक्त स्पीकरच्या तारा आणि विजेची वायर ठेवा. मग ऐका. गुणगुण राहिली तर दोष अ‍ॅम्पचा, गेली तर कपॅसिटर निर्दोष. त्यानंतर एकेक वायर लावत जा आणि दर वेळी आवाजाचं बटण वर-खाली करून पाहा. बटणाबरोबर गुणगुण वाढली तर ती बटणाच्या आधीच्या टप्प्यात शिरतेय. बटण शून्यावर असतानाही तेवढीच असेल तर पुढच्या टप्प्यात. आणि कान पेटीला लावून बघा. पेटीच्या पत्र्यातूनच आवाज येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा, त्याचा स्पीकरशी संबंध नाही.

कुळागर (सांगे):

माझ्याकडेही हेच होतं. मी अ‍ॅम्पच्या थ्री-पिन प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकली, गुणगुण त्या क्षणी बंद. दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

म्हापशाचा वायरमन (म्हापसा):

कुळागर दादा, तुम्हाला हात जोडून सांगतो, आज रात्रीच ती पिन परत बसवा.

बावीस वर्षं घरांची वायरिंग करतोय. ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती प्लग खोचताना सगळ्यांत आधी लागावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. अ‍ॅम्पची पेटी पत्र्याची आहे. आत फेजची एक तार सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थ असताना भरपूर करंट जमिनीकडे जातो आणि एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडतो. अर्थ नसताना तो पत्रा २३० व्होल्टवर तसाच बसून राहतो, कोणाचा तरी हात लागायची वाट बघत. पावसाळ्यात आपल्याकडे फरशी ओली, पाय ओले. किंवा तो करंट आरसीएच्या शील्डमधून शेजारच्या यंत्रात जातो आणि ती केसाएवढी बारीक जाळी जळते.

गुणगुण बंद झाली म्हणजे रोग बरा झाला असं नाही. तुम्ही वळसा, म्हणजे दोन अर्थांमधून करंट फिरण्याचा रस्ता, तोडलात हे खरं, पण चुकीच्या जागी तोडलात. वळसा सिग्नलच्या बाजूने तोडायचा असतो, विजेच्या बाजूने कधीच नाही. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (थोडा करंट जमिनीकडे गळला तरी वीज तोडणारा स्विच) नसेल तर तीही बसवून घ्या.

कुळागर (सांगे):

वाचून अंगावर काटा आला. घरात दोन लहान मुलं आहेत. अ‍ॅम्प भिंतीपासून काढून ठेवलाय, उद्या नवा प्लग आणतो. पण मग वळसा सिग्नलच्या बाजूने तोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणीतरी समजावून सांगा.

वसरीतला तंबोरा (फोंडा):

रेडिओवाले काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं केलं.

अ‍ॅम्प एकटा: पूर्ण शांत. ट्वीटरला कान लावला तर अगदी बारीक 'सूं' तेवढी. म्हणजे कपॅसिटर वाचले. फोनो प्रीअ‍ॅम्प जोडला: शांत. डॅक जोडला, लॅपटॉप बॅटरीवर: शांत. सेटटॉप बॉक्सची आरसीए लावली: 'ऊंऽऽ' हजर, आणि बटणाबरोबर वाढतो.

पण गोंधळात टाकणारी गोष्ट पुढे आहे. सेटटॉप बॉक्स भिंतीच्या सॉकेटमधून काढला, म्हणजे तो पूर्ण बंद, तरी गुणगुण तशीच! त्याचा अडॅप्टर तर टू-पिन आहे, त्याला अर्थच नाही. मग मागची केबलची गोल वायर फिरवून काढली आणि गुणगुण गेली. परत लावली, आली. दहा वेळा केलं.

निवृत्त रेडिओवाला (पणजी):

सापडला. आता कुळागरांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आरसीए वायरमध्ये दोनच वाहक असतात. मधली तार सिग्नल नेते आणि बाहेरची जाळी, म्हणजे शील्ड, दोन कामं करते: बाहेरचा उपद्रव अडवते आणि सिग्नलचा परतीचा रस्ताही तीच असते. ही दोन कामं एकाच जाळीकडे दिल्याने सगळा त्रास होतो. अ‍ॅम्पची पेटी थ्री-पिनमधून तुमच्या घराच्या अर्थला बांधलेली आहे. केबलवाल्याची जाळी रस्त्यावरच्या खांबापाशी, त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी वेगळ्याच अर्थला बांधलेली असते. दोन जमिनींच्या विद्युत पातळ्या कधीच अगदी सारख्या नसतात. सेटटॉप बॉक्सने या दोघांना आरसीएच्या जाळीतून जोडलं, आणि ५० हर्ट्‌झचा करंट त्या वळशातून फिरू लागला. बॉक्स चालू असो की बंद, त्याचा धातू जोडणी पुरी करतोच. टू-पिन अडॅप्टरवर माणसं इथेच फसतात. यंत्राला अर्थची पिन नसली तरी अर्थ मागच्या दाराने, अँटेनाच्या वायरीतून येतो.

किती करंट लागतो? समजा जाळीचा आणि दोन्ही टोकांच्या सांध्यांचा मिळून रोध ०.१ ओहम आणि वळशातून जातात १० मिलिअँपिअर. जाळीवर १ मिलिव्होल्ट पडला. परतीचा रस्ता तोच असल्यामुळे हा १ मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये जसाच्या तसा मिसळतो. डॅकसारख्या २ व्होल्टच्या सिग्नलपेक्षा तो ६६ डेसिबलने खाली आहे, पण पुष्कळ सेटटॉप बॉक्स ०.३ व्होल्टच्या आसपासच देतात. तिथे अंतर ५० डेसिबलवर येतं, आणि रात्री शांत वसरीत ते ऐकू येणारच.

महागड्या केबलने काही झालं नाही ते यामुळेच. सोन्याचा मुलामा वळसा तोडत नाही. हां, वायर आखूड आणि जाड जाळीची असेल तर रोध कमी होऊन गुणगुण थोडी उतरते. केबलवर पैसे घालायचं मला पटणारं कारण एवढंच.

उपाय: केबलच्या गोल वायरीवर, बॉक्सच्या आधी, गॅल्व्हनिक आयसोलेटर लावा. छोटा डबा असतो, आत कपॅसिटर. टीव्हीचे सिग्नल दहा-वीस नव्हे, शेकडो मेगाहर्ट्‌झचे, ते पार होतात. ५० हर्ट्‌झला तो बंद दरवाजा.

पेडणे ते पणजी (पेडणे):

काका, माझ्याकडे छपरावर डिश आहे आणि गुणगुण अगदी अशीच. मीही हाच डबा लावू का?

निवृत्त रेडिओवाला (पणजी):

नाही! हे लिहायचं राहिलंच, बरं झालं विचारलंत. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाला, वीज त्याच गोल वायरीतून जाते, १३ किंवा १८ व्होल्ट डीसी. साधा आयसोलेटर तीही अडवेल आणि चित्रच दिसणार नाही. तुम्ही वळसा दुसऱ्या ठिकाणी तोडा. बॉक्सला किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर ती वायर डॅकला लावा. प्लास्टिकच्या दोऱ्यातून प्रकाश जातो, वीज जाऊच शकत नाही, म्हणजे वळसा मुळातच होत नाही. ऑप्टिकल नसेल तर बॉक्स आणि अ‍ॅम्पच्या मधे एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याचा सांधा राहत नाही. स्वस्तातले ट्रान्सफॉर्मर खालचे सूर खातात, तबल्याचा बायां पोकळ होतो, तेवढं बघून घ्या.

आणि हा डबा विजेपासून, म्हणजे आकाशातल्या विजेपासून, वाचवत नाही. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की अँटेनाची वायर आणि प्लग दोन्ही काढून ठेवायचे. मी अजून काढतो.

कुळागर (सांगे):

आमच्या इथे एकाने सुचवलं की ऑडिओसाठी अंगणात वेगळा अर्थ मारून घे, 'स्वच्छ' अर्थ मिळेल. ते कसं?

म्हापशाचा वायरमन (म्हापसा):

तेही नको. एका घरात दोन अर्थ, एकमेकांना न जोडलेले, म्हणजे वळशाला आमंत्रण. त्यात आपली जमीन जांभ्याची. एप्रिल-मेमध्ये कोरडी पडली की एकट्या सळईचा रोध सहज वाढतो. समजा तो ५० ओहम आहे. फेज पत्र्याला टेकला तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर जातील. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला दाद देणार नाही, पत्रा जवळजवळ २३० व्होल्टवर तसाच राहील.

घराचा अर्थ एकच असावा, आणि दुसरा खड्डा केलाच तर तो पहिल्याला जाड तांब्याच्या पट्टीने जोडावा. गावात कितीतरी जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं आहेत पण वरच्या भोकामागे तारच नाही. आधी ते तपासा. फेज आणि अर्थच्या मधे मल्टिमीटर लावून २३० च्या आसपास आलं, न्यूट्रल आणि अर्थच्या मधे दोन-तीन व्होल्टच्या आत आलं, तर तार निदान जोडलेली आहे. पूर्ण तपासणी लायसनवाल्याकडून.

आणि एक साधी गोष्ट: अ‍ॅम्प, डॅक, टर्नटेबल सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अर्थचा रस्ता जितका आखूड आणि सामाईक, तितका पातळीतला फरक कमी. टीव्हीसाठी पलीकडच्या खोलीतून वायर ओढली की फरक आलाच.

कुळागर (सांगे):

तुमच्या या शेवटच्या वाक्यानेच माझं काम झालं. प्लग बदलला, पिन परत आली, गुणगुणही परत आली. मग बघितलं तर अ‍ॅम्प वसरीच्या बोर्डवर आणि सीडी प्लेअर आतल्या खोलीच्या सॉकेटवर, दोन्ही थ्री-पिन, मधे सहा मीटरची आरसीए. प्लेअर अ‍ॅम्पशेजारी आणून एकाच बोर्डवर लावला, एक मीटरची वायर घेतली. आता कान लावल्याशिवाय काही कळत नाही. दोन वर्षं मी मुलांना धोक्यात ठेवलं होतं, आणि करायचं होतं ते फक्त प्लेअर उचलून इकडे आणणं.

भजनी मंडळ (डिचोली):

आमच्याकडे चतुर्थीला वाड्यावरच्या आरत्यांसाठी छोटा मिक्सर आणि दोन पॉवर्ड स्पीकर लावतो. घुमट, शामेळ, कांसाळें या वाद्यांना माईक लागत नाहीत, पण गाणाऱ्यांना लागतो, आणि मधल्या वेळात लॅपटॉपवरून भजनं. लॅपटॉप चार्जरवर असला की भुणभुण, काढला की बंद. शिवाय माटोळीभोवतीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीभोवतीच्या) एलईडी माळा लावल्या की वेगळीच चिरचिर.

आम्ही डीआय बॉक्स घेतला. लॅपटॉपचा सिग्नल त्यात जातो, आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून बॅलन्स्ड होऊन एक्सएलआर वायरीने मिक्सरला. त्यावर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण आहे. ते दाबलं आणि भुणभुण गेली. वायरमन दादा, हे बटण धोक्याचं नाही ना?

म्हापशाचा वायरमन (म्हापसा):

नाही. ते बटण फक्त सिग्नलच्या जाळीचा सांधा सोडतं. लॅपटॉपचा आणि मिक्सरचा विजेचा अर्थ आपापल्या जागी शाबूत राहतो. सिग्नलच्या बाजूने तोडायचं म्हणतात ते हेच. माळांचा अडॅप्टर मात्र वेगळ्या बोर्डवर घ्या आणि माईकच्या वायरी त्याच्या वायरींना समांतर नेऊ नका, ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा.

निवृत्त रेडिओवाला (पणजी):

बॅलन्स्ड वायरीचं कौतुक एका वाक्यात सांगतो. सिग्नल दोन तारांवर एकमेकांच्या उलट जातो, उपद्रव दोन्हींवर सारखाच चढतो, आणि पलीकडचं यंत्र दोघांतला फरक घेतं तेव्हा उपद्रव वजा होतो. शील्डकडे परतीचं काम उरतच नाही. घरच्या मांडणीत ज्यांच्याकडे एक्सएलआरची सोय आहे त्यांनी ती जरूर वापरावी.

वसरीतला तंबोरा (फोंडा):

आयसोलेटर आला. लावण्याआधी कुतूहल म्हणून सुटलेल्या गोल वायरीची बाहेरची जाळी आणि अ‍ॅम्पचा पत्रा यांच्यामधे मल्टिमीटर धरला: ११ व्होल्ट एसी. ज्या दोन गोष्टींना मी निमूट एकत्र बांधलं होतं त्यांच्यात एवढा फरक होता. डबा लावला, 'ऊंऽऽ' गेला.

पण आता तो गेल्यामुळे मागचे दोन आवाज उघडे पडलेत. एक, लॅपटॉप चार्जरवर असताना बारीक शीळ, माऊस हलवला की तिचा स्वर बदलतो. दोन, टर्नटेबल निवडलं की डाव्या बाजूला हलकी घरघर. आधी तिथे काहीच नव्हतं, हे पावसाळा लागल्यापासूनचं आहे.

निवृत्त रेडिओवाला (पणजी):

शीळ लॅपटॉपच्या पोटातली. यूएसबीची वायर डॅकला वीजही पुरवते आणि लॅपटॉपच्या आतल्या स्विचिंगचा कचराही आणते. चार्जर लावला की त्याला वळसा मिळतो. तुमच्या डॅकला ऑप्टिकल इन असेल तर टीव्ही तिकडे न्या. लॅपटॉपला बहुधा ऑप्टिकल आउट नसेल, त्याला मधे यूएसबी आयसोलेटर लावा. साधे आयसोलेटर १२ मेगाबिटचे असतात, स्टिरिओ ९६ किलोहर्ट्‌झपर्यंत पुरतात. तुमचा डॅक हाय-स्पीडच मागत असेल तर तसा आयसोलेटर घ्यावा लागेल. पैसे घालायचे नसतील तर ऐकताना चार्जर काढा.

डावी घरघर मला गंज वाटतो. टर्नटेबलचं मूव्हिंग मॅग्नेट काडतूस, म्हणजे सुई बसवलेला भाग, जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, आणि रेकॉर्डचे सूर समतोल करणाऱ्या आरआयएए दुरुस्तीत ५० हर्ट्‌झ मधल्या सुरांपेक्षा सतराएक डेसिबलने वर उचलला जातो. म्हणजे फोनोचा टप्पा गुणगुणीला भिंगच लावतो. तिथे जाळीच्या सांध्यात थोडा जरी रोध वाढला तरी ऐकू येतं. टर्नटेबलची ती बारीक हिरवी अर्थची तार आणि डावा आरसीए बाहेर काढून बघा.

वसरीतला तंबोरा (फोंडा):

बघितलं. आरसीएच्या बाहेरच्या कड्याच्या आतल्या अंगाला हिरवट थर, देवघरातल्या न घासलेल्या समईला चढतो तसा कळंक. दातकोरणीला आईच्या जुन्या नऊवारीची चिंधी गुंडाळली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवली आणि कड्याच्या आत गोल गोल फिरवली. चिंधी हिरवी झाली. दुसरी चिंधी कमी हिरवी, तिसरी कोरी. हिरव्या तारेचं टोक स्क्रूखाली सैल होतं, तेही घासून आवळलं. जोडून दहा-बारा वेळा आत-बाहेर केलं. घरघर गेली. उजव्या बाजूचंही करून घेतलं, तिथेही सुरुवात झालीच होती.

टीव्ही आता ऑप्टिकलने डॅकला. लॅपटॉपसाठी आयसोलेटर मागवलाय, तोवर बॅटरीवर.

पेडणे ते पणजी (पेडणे):

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर करावं असं मी म्हणेन. माझं घर किनाऱ्यापासून फार लांब नाही, खारट वाऱ्याने दोन वर्षांत स्पीकरच्या टर्मिनलची तांब्याची तार काळी पडली होती. टोक कापून नवी तार सोलली. ऑप्टिकलचं मीही केलं, डिशची गुणगुण बंद. एक भर: वीज गेली की आमच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प भणभणतो, ते मात्र जोडण्यांनी सुटलं नाही. शेवटी इन्व्हर्टर साइन वेव्हचा घेतला तेव्हाच सुटलं.

वसरीतला तंबोरा (फोंडा):

काल रात्री केरीच्या केसरबाईंची जुनी रेकॉर्ड लावली. मूळ ध्वनिमुद्रणाची खरखर आहे, ती राहू दे, ती तिची आहे. पण दोन आलापांच्या मधे मागचा तंबोरा ऐकू आला, जो मला या रेकॉर्डवर आहे हेच महिनाभर विसरायला झालं होतं.

आज सकाळी मुद्दाम अ‍ॅम्प चालू ठेवला, बटण नेहमीच्या जागी, आणि आईला काही बोललो नाही. तिने जोडीच्या तारा जुळवल्या, मग खर्ज. जवारीचा दोरा जरा सरकवला, पुन्हा खर्ज छेडला आणि डोळे मिटून गायला लागली.

रेडिओवाले काका, वायरमन दादा, सगळ्यांचं देव बरें करूं. आयसोलेटर आला की शिळेचं काय झालं ते इथेच लिहितो.